जांघेतली कळ ‘वात’ म्हणून सोडू नका

मांडी घालून बसताना जांघेत कळ येते, घाटी चढताना पाय ओढावा लागतो. कोकणात याचं घरगुती निदान ठरलेलं: वात. पावसाळा गेला की बरं वाटेल, असं म्हणून तेल चोळलं जातं. पण तो माणूस एचआयव्हीवर उपचार घेत असेल तर थांबू नये. खुब्यातल्या हाडाच्या गोल डोक्याचा रक्तपुरवठा आटला की आतलं हाड मरतं आणि पुढे ते डोकं खचतं. डॉक्टर याला एव्हीएन म्हणतात. एचआयव्ही असलेल्यांत हे इतरांपेक्षा जास्त आढळतं. पूर्वी घेतलेली स्टेरॉईड आणि दारू धोका आणखी वाढवतात. सुरुवातीला एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो, एमआरआयमध्ये मात्र दिसतं.

दुसरं नुकसान न दुखता होतं. विषाणूमुळे शरीरात धुमसत राहणारा दाह हाडं झिजवतो. एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, सुरू झाल्यावर पहिल्या एक-दोन वर्षांत हाडांची घनता साधारण 2 ते 6 टक्क्यांनी उतरते, मग बहुतेकांत स्थिरावते. टीएलडी या एआरटीच्या गोळीतल्या टेनोफोविर या औषधामुळे काहींच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन लघवीवाटे फॉस्फेट जातं आणि हाडं मऊ पडतात. म्हणून मूत्रपिंडाचं काम दाखवणारी क्रिएटिनीनची तपासणी चुकवू नये. पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांनी आणि पाळी गेलेल्या बायकांनी हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीबद्दल विचारावं; अशा हाडांना शेवाळलेल्या जांभ्याच्या पायरीवरून एकदा घसरणंही पुरतं. गोळी मात्र स्वतःहून बंद करायची नाही. अजिबात नाही. ती थांबली तर विषाणू पुन्हा उसळतो.

कॅल्शियमसाठी आपली नाचणी उत्तम: 100 ग्रॅममध्ये 300 मिलिग्रॅमहून जास्त. काट्यासकट खाल्लेली मांदेलीही चांगली. कॅल्शियमची गोळी लिहून दिली असेल तर ती आणि टीएलडी जेवणासोबतच एकत्र घ्याव्यात. उपाशीपोटी घ्यायची तर टीएलडी कॅल्शियमच्या 2 तास आधी किंवा 6 तासांनंतर, नाहीतर टीएलडीतलं डोल्युटेग्राविर हे औषध नीट शोषलं जात नाही.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती लपवण्याची. एआरटीसाठी माणूस जिल्ह्याच्या गावी जातो, पण जवळच्या हाडाच्या डॉक्टरला सांगत नाही. वाडीत कळेल ही भीती. काहींच्या एआरटीत रिटोनाविर हे औषध असतं. त्यांना सांध्यात स्टेरॉईडचं इंजेक्शन दिलं, तर ते शरीरात साठून गंभीर त्रास होऊ शकतो. म्हणून गोळ्यांची बाटली आधी दाखवावी. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत आणि ही माहिती गुप्त ठेवावी लागते. खुबा बदलण्याची शस्त्रक्रियाही एचआयव्ही असलेल्यांवर यशस्वी होते.