त्स्फात

त्स्फात : (साफेद, अरबी सफद). उत्तर इस्राएलमधील अपर गॅलिली प्रदेशातील डोंगरमाथ्यावरचे ऐतिहासिक शहर. समुद्रसपाटीपासून उंची सु. ९०० मी.; देशातील सर्वांत उंचावरचे शहर म्हणून ते ओळखले जाते. लोकसंख्या पस्तीस हजारांहून अधिक. आग्नेयेस गॅलिली सरोवर, पश्चिमेस आमूद ओढ्याची खोल घळ आणि घळीपलीकडे मेरोन पर्वत आहे. उन्हाळा सौम्य असतो, हिवाळ्यात क्वचित बर्फ पडतो. जेरूसलेम, हेब्रॉन व टायबीरियस यांच्याबरोबर ज्यू परंपरेतील चार पवित्र नगरांत त्याची गणना होते. कबाला या ज्यू गूढवादी परंपरेचे केंद्र आणि चित्रकारांची वसाहत म्हणून ते प्रसिद्ध आहे.

नगराच्या प्राचीनतेविषयी एकमत नाही. जलप्रलयानंतर नोआच्या मुलाने ते वसविले, ही स्थानिक कथा. नोआचा मुलगा शेम व त्याचा वंशज एबर यांची म्हणून दाखविली जाणारी गुहा याच कथेशी जोडलेली आहे. तिला ऐतिहासिक आधार नाही. हिब्रू बायबलमध्ये नगराचा उल्लेख नाही. त्यातील ‘शास्ते’ या पुस्तकातील झफाथ हे दक्षिणेकडचे वेगळे ठिकाण होय. पहिल्या शतकातील इतिहासकार जोसीफस याने रोमनांविरुद्धच्या उठावाच्या वेळी (इ. स. ६६) अपर गॅलिलीत तटबंदी केलेल्या गावांत सेफ हे नाव दिले आहे. सेफ म्हणजेच त्स्फात असे बहुतेक अभ्यासक मानतात, पण या मताचा मुख्य आधार नामसाधर्म्य हाच आहे. नवचंद्र दिसल्याची वार्ता डोंगरमाथ्यांवर जाळ पेटवून दूरवर पोहोचवीत, त्या ठिकाणांत जेरूसलेम ताल्मूद हा ज्यू धर्मचर्चेचा प्राचीन ग्रंथ या नगराचे नाव घेतो. जागेची उंची व तेथून दिसणारा टापू पाहता हा उल्लेख ग्राह्य वाटतो. त्यानंतर कित्येक शतके साधने जवळजवळ मूक आहेत. अकराव्या शतकातील कैरो गेनिझातील (कैरोच्या ज्यू प्रार्थनामंदिरातील जुन्या लिखाणाच्या कोठारातील) कागदपत्रांत येथील ज्यूंचे उल्लेख मिळतात आणि तेथून पुढे इतिहास अधिक भरवशाचा होतो.

क्रूसेडरांनी (युरोपातून आलेल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनी) बाराव्या शतकाच्या आरंभी येथे बुरूज बांधला. जेरूसलेमचा क्रूसेडर राजा फुल्क याच्या काळात, बहुधा ११४० च्या सुमारास, त्याचे किल्ल्यात रूपांतर झाले आणि ११६८ मध्ये किल्ला टेंप्लर या लढवय्या ख्रिस्ती संघाच्या सरदारांकडे गेला. मुस्लिम सुलतान सलादिनने ११८८ मध्ये तो घेतला. १२४० च्या तहाने तो पुन्हा क्रूसेडरांकडे आला व त्यांनी त्याची मोठ्या प्रमाणावर पुनर्बांधणी केली. १२६६ मध्ये इजिप्तचा मामलूक सुलतान बैबर्सने तो जिंकून आतील शिबंदीची कत्तल केली. पुढे मामलूकांच्या एका प्रांताची राजधानी येथेच होती. बैबर्सच्या काळातील तांबडी मशीद अजून उभी आहे. किल्ल्याचे मात्र शिखरावरील उद्यानात थोडे अवशेष उरले आहेत. १५१६ मध्ये हा प्रदेश ऑटोमन (तुर्की) सत्तेखाली गेला.

सोळावे शतक हा नगराच्या भरभराटीचा काळ. १४९२ मध्ये स्पेनमधून ज्यूंची हकालपट्टी झाली, १४९७ मध्ये पोर्तुगालमध्ये सक्तीचे धर्मांतर झाले. तेथून निघालेल्यांपैकी अनेकजण ऑटोमन मुलखात आणि काहीजण त्स्फातला आले. लोकप्रिय वर्णनांत त्यांच्या येण्याचे कारण केवळ धार्मिक ओढ असे दिले जाते. वस्तुतः नगर लोकरी कापडाच्या धंद्यावर उभे होते. बाल्कन प्रदेशातून लोकर येई, आमूद ओढ्याच्या पाण्यावर चालणाऱ्या गिरण्यांत विणलेले कापड कुटून घट्ट केले जाई आणि तयार माल निर्यात होई. ऑटोमन करनोंदींत १५२५–२६ मध्ये सु. सव्वादोनशे ज्यू कुटुंबे आढळतात; १५६७–६८ मध्ये ती नऊशेहून अधिक झाली होती. कुटुंबामागे किती माणसे धरावीत यावर एकूण संख्येचे अंदाज बदलतात. यात्रावर्णनांतील फुगलेल्या आकड्यांपेक्षा या नोंदी अधिक विश्वसनीय मानाव्यात.

या समृद्धीच्या आश्रयाने पंडितांची पिढी जमली. याकोब बेराब याने खंडित झालेली रब्बींची (ज्यू धर्मगुरूंची) मूळ दीक्षापरंपरा १५३८ मध्ये पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केला. जेरूसलेमच्या लेवी इब्न हबीबने त्यास कडवा विरोध केल्याने तो फसला. बेराबकडून दीक्षा घेतलेल्यांपैकी योसेफ कारो (१४८८–१५७५) याने ‘शुल्हान आरूख’ हा धर्मनियमांचा संग्रह रचला (मुद्रण व्हेनिस, १५६५). तो आजही ज्यू आचाराचा प्रमाणग्रंथ आहे. हाच कारो गूढ साक्षात्कारांची रोजनिशीही लिहीत असे. काटेकोर धर्मशास्त्री व गूढवादी असे दोन वेगळे पक्ष या नगरात नव्हते, हे त्यावरून कळते. मोशे कॉर्दोव्हेरो (१५२२–७०) याने आधीच्या कबालाची पद्धतशीर मांडणी केली. त्याचा मेहुणा श्लोमो अल्काबेत्झ याने शब्बाथचे (शुक्रवार सायंकाळपासून शनिवार सायंकाळपर्यंतच्या पवित्र विश्रांतिदिनाचे) स्वागत करणारे ‘लेखा दोदी’ हे स्तोत्र रचले. कडव्यांच्या आद्याक्षरांत कवीचे नाव गुंफलेले असल्याने त्याच्या कर्तृत्वाविषयी वाद नाही. शुक्रवारी सायंकाळी ते जगभरच्या सिनेगॉगांत (ज्यू प्रार्थनामंदिरांत) म्हटले जाते. मुंबई व कोकणातील बेने इस्राएल ज्यूंच्या प्रार्थनेतही ते आहे.

सर्वाधिक कीर्ती मात्र यित्झाक लुरिया ऊर्फ आरी (१५३४–७२) याला लाभली. जन्म जेरूसलेमचा, वाढला इजिप्तमध्ये. तो त्स्फातला आला ते बहुधा १५७० मध्ये (काहींच्या मते १५६९) आणि १५७२ च्या साथीत वारला; म्हणजे त्याचे येथील वास्तव्य दोन-तीन वर्षांपलीकडे जात नाही. शब्बाथची काही अरामी स्तोत्रे व थोडे टीकालेखन वगळता त्याने स्वतः लिहिलेले फारसे नाही. त्याची शिकवण मुख्यतः हायिम वितल (१५४२–१६२०) या शिष्याच्या लेखनातून कळते. वितलने हे लिखाण दीर्घकाळ इतरांपासून राखून ठेवले, शिवाय अन्य शिष्यांची टिपणेही पुरेशी जुळत नाहीत. त्यामुळे त्यातील लुरियाचे किती व वितलचे किती, हा प्रश्न कायम आहे. शिकवणीचा गाभा असा : सृष्टीला जागा करून देण्यासाठी अनंत ईश्वराने स्वतःला आक्रसून घेतले (त्सिम्त्सुम); दैवी प्रकाश धारण करणारी पात्रे फुटली (शेविरा); विखुरलेल्या ठिणग्या धर्माचरणाने उचलून मूळ स्थानी नेणे (तिक्कून) हे मानवाचे कार्य.

या विचाराच्या उगमाविषयी विसाव्या शतकात मोठा वाद झाला. कबालाचे अभ्यासक गेर्शोम शोलेम यांच्या मते स्पेनमधील हकालपट्टीच्या आघाताला दिलेले हे उत्तर होते. निर्वासनाचा अनुभव विश्वरचनेवरच आरोपित झाला. नंतरचे अभ्यासक मोशे इदेल यांनी यावर गंभीर आक्षेप घेतले. त्सिम्त्सुमसारख्या कल्पना हकालपट्टीपूर्वीच्या साहित्यात सापडतात, लुरियाचे पितृघराणे अश्कनाझी (मध्य व पूर्व युरोपीय ज्यू) होते, स्पेनमधले नव्हे, आणि त्याच्या वर्तुळाच्या लेखनात त्या घटनेचा स्पष्ट संदर्भ जवळपास नाही. शोलेम यांचे विवेचन प्रभावी असले, तरी पुराव्याच्या दृष्टीने इदेल यांचे आक्षेप वजनदार आहेत. आणखी एक कारण सहसा दुर्लक्षिले जाते. ‘झोहार’ हा कबालाचा मूलग्रंथ १५५८–६० मध्ये इटलीत मांतुआ व क्रेमोना येथे छापून निघाला आणि प्रथमच सर्वत्र सुलभ झाला. परंपरा हा ग्रंथ दुसऱ्या शतकातील शिमोन बार योहाय याचा मानते, तर आधुनिक संशोधन तो तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पेनमध्ये, मुख्यतः मोशे दे लिओन याच्या हातून, सिद्ध झाल्याचे मानते. बार योहायची समाधी मेरोन येथे आहे. लाग बाओमर या ज्यू सणाच्या दिवशी तेथे प्रचंड यात्रा भरते व त्स्फातमधून तोराची (ज्यू धर्मग्रंथाची) गुंडाळी मिरवत नेली जाते.

उतरण लवकर लागली. १५७६ मध्ये एक हजार ज्यूंना सायप्रसला हलविण्याचा सुलतानी हुकूम निघाला. तो पुढे रद्द झाला. १५७७ मध्ये येथे हिब्रू छापखाना निघाला, पण दहाएक वर्षांतच बंद पडला. कापडधंदा ढासळला, लूटमार वाढली. सतराव्या शतकाविषयी माहिती त्रोटक आहे. १७५९ व १ जानेवारी १८३७ चे भूकंप विनाशकारी ठरले. १८३७ मध्ये काही हजार माणसे मेली. ज्यू वस्तीची हानी सर्वाधिक. तिची घरे तीव्र उतारावर एकावर एक अशी रचलेली होती, खालच्या घराचे छप्पर हाच वरच्या घरापुढचा रस्ता. वरची ओळ कोसळली ती खालच्या ओळींना घेऊनच.

याचा एक परिणाम पाहुण्याने ध्यानात ठेवावा. जुन्या भागातील ‘सोळाव्या शतकातील’ सिनेगॉगांच्या इमारती बव्हंशी १८३७ नंतरच्या आहेत. जुनी आहे ती जागा. अश्कनाझी आरी सिनेगॉगचे उंच, रंगीत कोरीवकामाचे, तोरा ठेवण्याचे लाकडी देवघर एकोणिसाव्या शतकातील आहे. लुरिया व त्याचे शिष्य शब्बाथच्या स्वागताला येथील शेतात येत, असे मानतात. अबुहाव सिनेगॉगची दक्षिण भिंत भूकंपातून वाचल्याचे सांगतात; तेथील जुनी तोरा वर्षातून तीनदाच बाहेर काढली जाते. पश्चिम उतारावरील दफनभूमीत लुरिया, कॉर्दोव्हेरो, अल्काबेत्झ व कारो यांच्या निळ्या रंगाने रंगविलेल्या समाध्या आहेत. दारे-खिडक्यांचा निळा रंग आकाशाचे स्मरण करून देण्यासाठी, असे स्पष्टीकरण मिळते; त्याचा लिखित आधार किती जुना, हे ठरलेले नाही. शुक्रवार दुपारपासून शनिवार सायंकाळपर्यंत दुकाने बंद असतात. गल्ल्या पायऱ्यापायऱ्यांच्या असल्याने गाडी वरच ठेवून उतरावे लागते.

ऑगस्ट १९२९ च्या दंगलीत येथे सु. वीस ज्यू मारले गेले. ब्रिटिश राजवटीत बांधलेला रुंद जिना ज्यू व अरब वस्त्यांमधील सीमा बनला. १९४८ मध्ये अरब बहुसंख्य (सु. १२,०००, ज्यू सु. १,७००) होते. मे महिन्यात पालमाख या ज्यू लढाऊ दलाने शहर घेतल्यावर अरब रहिवासी निघून गेले व त्यांना परतू दिले गेले नाही. पॅलेस्टिनी नेते महमूद अब्बास यांचा जन्म येथलाच (१९३५).

चित्रकारांची वसाहत याच रिकाम्या झालेल्या अरब मोहल्ल्यात १९४९ च्या सुमारास उभी राहिली आणि सामूहिक प्रदर्शन एका मशिदीच्या इमारतीत भरू लागले. प्रवासी मार्गदर्शिकांत याविषयी क्वचितच वाचायला मिळते. मोशे कास्टेल, मोर्देखाय लेवानोन, शिमशोन होल्झमन व पॅरिसच्या चित्रशैलीचे संस्कार घेऊन आलेले यित्झाक फ्रेंकेल हे प्रमुख चित्रकार. लेवानोनच्या निसर्गचित्रांतील निळे-जांभळे डोंगर येथलेच. संस्थापक पिढीनंतर वसाहतीचा जोर ओसरला. सध्याच्या दालनांत गूढ चिन्हांच्या, प्रवाशांसाठी काढलेल्या चित्रांचा भरणा दिसतो. १९८० च्या दशकापासून उन्हाळ्यात क्लेझ्मर या पूर्व युरोपीय ज्यू संगीताचा महोत्सव भरतो. मेंढीच्या दुधाचे, खारवलेले व टोपलीच्या विणीचा ठसा उमटलेले त्स्फाती चीज १८४० पासून येथे एकाच कुटुंबाच्या दुग्धालयात बनते. बार-इलान विद्यापीठाची वैद्यकीय शाखा २०११ मध्ये येथे सुरू झाली.