५०० चा नियम: तारे रेघा का होतात?

ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवून तारे टिपायचे, तर ५०० ला लेन्सच्या फोकल लेंथने (लेन्सवर मिमीमध्ये लिहिलेल्या आकड्याने) भागा. येतील तितके सेकंद शटर उघडं ठेवा, तारे ठिपक्यासारखेच येतील. हा सल्ला फिल्मच्या काळात खपून जायचा. आजच्या सेन्सरवर तो फसतो.

हिशोब करून बघा. ५० मिमी लेन्स, म्हणजे १० सेकंद. पृथ्वी फिरत असल्याने खगोलीय विषुववृत्ताजवळचा (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरच्या आकाशातल्या रेषेजवळचा) तारा सेकंदाला १५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतो, म्हणजे १० सेकंदांत १५० विकला. सेन्सरवरचा ४ मायक्रॉनचा (मिमीच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात) पिक्सेल या लेन्सवर साधारण १६.५ विकला व्यापतो. तारा नऊ पिक्सेल लांब झाला! मृगाचा पट्टा नेमका याच भागात असल्याने तिथे रेघ सर्वात लांब दिसते. ध्रुवताऱ्याकडे ती आखूड होत जाते, म्हणून काहींना नियम बरोबर वाटतो.

त्याऐवजी २.५ सेकंदांचे २०० फोटो काढा: एफ/२.८ (लेन्सचं छिद्र), आयएसओ १६०० (सेन्सरची संवेदनशीलता), रॉ फॉरमॅट (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल). फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये ठळक ताऱ्यावर १० पट मोठं करून हातानेच जुळवा (लेन्सवरच्या ‘अनंत’ खुणेवर विसंबू नका). लेन्सला झाकण लावून त्याच सेटिंगवर २० डार्क फ्रेम (सेन्सरचा स्वतःचा नॉइज टिपणारे काळे फोटो) घ्या. मग सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर या सॉफ्टवेअरमध्ये सगळे एकावर एक रचा. १०० फ्रेमच्या सरासरीत नॉइज (फोटोतले खरखरीत ठिपके) दहाव्या हिश्श्यावर येतो. शटर मात्र रिमोटने किंवा इंटरव्हलोमीटरने (ठरावीक अंतराने आपोआप फोटो काढणाऱ्या उपकरणाने) दाबा, नाहीतर बोटाच्या धक्क्यानेच तारे हलतील.