जगान्तियाची मंदिरं राक्षसांनी नाही, माणसांनी बांधली

माल्टाच्या गोझो बेटावरची जगान्तियाची दगडी मंदिरं राक्षसांनी उभारली, ही समजूत फार जुनी. माल्टी भाषेत या नावातच ‘राक्षस’ हा अर्थ आहे. खांद्यावर मूल घेऊन शिळा वाहणाऱ्या राक्षसिणीची लोककथा तिथे आजही सांगतात. कथा गोड आहे, जपावीही. पण तिला इतिहास म्हणू नका, कारण त्यात खऱ्या कारागिरांचं श्रेय जातं.

ही मंदिरं इ. स. पू. ३६००च्या सुमाराची, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांपेक्षा सुमारे हजार वर्षं जुनी. बांधणारे शेतकरी होते, धातू त्यांना माहीत नव्हता. काही शिळा पाच मीटरहून लांब आहेत. मग त्या हलवल्या कशा? माल्टाच्या मुख्य बेटावरच्या, तार्शिएन इथल्या मंदिरात दगडी गोळे सापडले आहेत; त्यांच्यावरून शिळा सरकवल्या असाव्यात, असं अभ्यासक मानतात.

जगान्तियाची भिंत जवळून पाहा. बाहेर कठीण, खडबडीत चुनखडक; आत दारांना, वेद्यांना मऊ, सहज घडवता येणारा. दगडाची अशी पारख पिढ्यान्‌पिढ्या हातांनी काम करूनच येते. जवळच्याच दफनस्थळी शेकडो जणांची हाडं निघाली. ती सगळी तुमच्या-माझ्यासारख्या माणसांची आहेत.