संडे सायलेन्स: अमेरिकेने विकलेला नर आणि जपानने उभी केलेली वंशावळ

१ नोव्हेंबर २०२५ रोजी कॅलिफोर्नियातल्या डेल मारच्या ट्रॅकवर फॉरेव्हर यंग या जपानी घोड्याने ब्रीडर्स कप क्लासिक ही अमेरिकेतली मोठी शर्यत मारली. जपानमध्ये तयार झालेल्या घोड्याने ही शर्यत जिंकण्याची ही पहिलीच वेळ. त्याचा बाप रिअल स्टील, आजा डीप इम्पॅक्ट आणि पणजा संडे सायलेन्स. या पणजाने १९८९ मध्ये फ्लोरिडात हीच शर्यत जिंकली होती, आणि त्यानंतर वर्षभरातच अमेरिकेने त्याला विकून टाकले. विक्री चुकली की बरोबर होती, यावर घोडेवाल्यांमध्ये अजून वाद चालतो.

मराठवाड्यात हा वाद समजायला अवघड नाही. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला खंडोबाच्या माळेगावला घोडा बघायला उतरलेला माणूस आधी अंगावरचे केसांचे भोवरे बघतो, मग दात, मग पाय, आणि शेवटी विचारतो, ‘बाप कोणता?’ अमेरिकेतल्या घोडे पैदाशीच्या केंटकीतही याच गोष्टी बघतात, फक्त भोवऱ्यांऐवजी छापील वंशावळ उघडतात. आपल्याकडे विलायती रक्ताची ओळख छावण्यांमुळे झाली. हिंगोली, जालना, औरंगाबाद आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, इथे निजामाच्या पैशावर आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकुमावर चालणारे घोडदळ होते. १९०३ मध्ये ते हिंदी लष्करात विलीन झाले. त्या काळात अरबी आणि ऑस्ट्रेलियन घोडी मुंबईच्या बंदरातून वर येत. इथून पुढे ज्या घोड्यांची गोष्ट आहे ते थरोब्रेड, म्हणजे शर्यतीसाठीच जोपासलेली विलायती जात; तिचे मूळ तीन नर पूर्वजांपर्यंत जाते आणि पहिली वंशनोंदवही १७९१ ची.

संडे सायलेन्सचा जन्म २५ मार्च १९८६ चा, केंटकीचा. बाप हेलो. तो इतका चावरा, की तोंडाला मुसके बांधूनच त्याला हाताळत. आई विशिंग वेल स्वतः चांगली धावलेली होती, पण तिचा बाप अंडरस्टँडिंग याला नर म्हणून बाजारात कोणी विचारत नव्हते. शिंगरू लहानपणीच विषाणूजन्य हगवणीने मरता मरता वाचले. त्याच्या मागच्या पायांचे मधले सांधे आत वळलेले होते, चालताना एकमेकांना घासतील असे वाटायचे. वर्षाचा असताना लिलावात बोली १७ हजार डॉलरवर थांबली आणि फार्मच्या मालकाने त्याला परत घेतले. दोन वर्षांचा असताना कॅलिफोर्नियात पुन्हा उभा केला, तेव्हा ३२ हजारांवर तेच झाले. तिथून परतताना ट्रकचालकाला हृदयविकाराचा झटका आला, गाडी उलटली, घोडा वाचला. शेवटी कॅलिफोर्नियातल्या एका वयस्क प्रशिक्षकाने निम्मा हिस्सा घेतला आणि त्यातला अर्धा एका डॉक्टर मित्राला विकला.

शर्यतींचा हिशोब सरळ आहे. १९८८ ते १९९० या काळात तो १४ वेळा धावला, ९ वेळा जिंकला आणि ५ वेळा दुसरा आला. तिसरा किंवा त्याखाली कधीच नाही. १९८९ ची सँटा अनिता डर्बी ११ लेंग्थने (एक लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी), चिखलातली केंटकी डर्बी अडीच लेंग्थने आणि प्रीकनेस नाकभर फरकाने जिंकली. २४०० मीटरच्या बेलमाँटमध्ये मात्र प्रतिस्पर्धी इझी गोअरने त्याला ८ लेंग्थने हरवले. वर्षअखेरच्या क्लासिकमध्ये संडे सायलेन्सने मानेइतक्या फरकाने परतफेड केली आणि ‘हॉर्स ऑफ द इयर’ ठरला. इझी गोअर कागदावर उजवा होता: बाप अ‍ॅलिडार, आई रिलॅक्सिंग स्वतः विजेती. चार भेटींत तीनदा हरूनही बाजाराचा लाडका तोच राहिला. ऑगस्ट १९९० मध्ये संडे सायलेन्सच्या पायाचा आधाराचा अस्थिबंध फाटला आणि धावणे संपले. कमाई ४९,६८,५५४ डॉलर.

खरा घोळ इथून सुरू होतो. नर निवृत्त झाला की त्याचे शेअर विकतात. त्या काळी अमेरिकेत एका नराचे साधारण ४० शेअर पडत आणि एका शेअरवर दरवर्षी एक घोडी लावता येत असे. थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतन चालत नाही आणि गर्भ दुसऱ्या घोडीत ठेवताही येत नाही. लावणी प्रत्यक्षच व्हावी लागते, नाहीतर शिंगराची नोंद होत नाही. मालकांनी संडे सायलेन्सचे शेअर काढले, तर घेणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघाले. दुसरीकडे होक्काइडोतल्या एका जपानी पैदासकाराने १९९० च्या सुरुवातीलाच २५ लाख डॉलरला पाव हिस्सा घेऊन ठेवला होता. त्याने पुढे उरलेला हिस्साही घेतला. सगळा सौदा सुमारे १ कोटी १० लाख डॉलरचा झाला.

केंटकीवाल्यांना आज सगळे हसतात. ते सोपे आहे, कारण आज निकाल हातात आहे. १९९० मध्ये हातात काय होते ते पाहिले पाहिजे. हेलोचे धावणारे मुलगे उत्तम होते, पण त्यातला एकही नर म्हणून सिद्ध झालेला नव्हता. डेव्हिल्स बॅग हा हेलोचाच मुलगा तब्बल ३ कोटी ६० लाख डॉलर किमतीला शेअरमध्ये गेला होता आणि नर म्हणून त्याने त्या किमतीचे सोने केले नाही. ज्यांनी तेव्हा पैसे घातले तेच लोक १९९० मध्ये पुन्हा विचारले जात होते. त्यातच १९८५ मध्ये एका वर्षाच्या शिंगराला १ कोटी ३१ लाख डॉलर देणारा बाजार १९८६ च्या करसुधारणेनंतर उतरत चालला होता आणि बऱ्याच फार्मांच्या डोक्यावर कर्ज होते. १९८५ च्या चलन करारानंतर येन मात्र वधारला होता, म्हणजे तोच घोडा जपान्याला पूर्वीपेक्षा स्वस्त पडत होता. पायांची शंकाही खोटी नव्हती. मागचे सांधे आत वळलेले असतील तर ते शिंगरांत उतरू शकते, आणि तसे शिंगरू लिलावात उभे केले की बोली कमी येते. केंटकीचा शेअरधारक शिंगरू विकायला घेतो, स्वतः धावडवायला नाही. म्हणून त्याला घोड्याच्या धावण्यापेक्षा शिंगराचे दिसणे महत्त्वाचे वाटले, आणि त्याच्या धंद्याच्या दृष्टीने ते बरोबरही होते. आमच्या मते त्या सौद्यात चूक झालीच असेल तर ती लिलावासाठीच पैदास करणाऱ्या पद्धतीची. विकणाऱ्या माणसांकडे दुसरा मार्ग फारसा नव्हता.

जपानमध्ये तोच घोडा ६० शेअरमध्ये विभागला गेला, प्रत्येक शेअर ४ कोटी १५ लाख येनचा. घेणारे बहुतेक आपली शिंगरे आपल्याच मालकीत धावडवणारे होते, त्यामुळे वाकडे पाय त्यांना फार खुपले नाहीत. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची: त्याच पैदासकाराकडे नॉर्दर्न टेस्टच्या मुली भरपूर होत्या. नॉर्दर्न टेस्ट १९७२ मध्ये अमेरिकन लिलावातून एक लाख डॉलरला घेतलेला, फ्रान्समध्ये धावलेला आणि पुढे जपानमध्ये दहा वेळा अव्वल नर (म्हणजे ज्याच्या शिंगरांची वर्षाची कमाई सर्वांत जास्त) ठरलेला घोडा. त्याचा बाप नॉर्दर्न डान्सर. नॉर्दर्न डान्सरची आई नताल्मा आणि हेलोची आई कॉस्मा या दोघी अल्महमूद या एकाच घोडीच्या मुली. म्हणजे नवा नर आणि तयार घोड्या यांच्यात दूरचा, नेमका हवा तेवढा संबंध होता. डाइवा मेजर आणि ड्युरँडल हे दोघेही संडे सायलेन्स आणि नॉर्दर्न टेस्टच्या मुली याच जोडणीतून आले. अमेरिकेत राहिला असता तर त्याला अशा घोड्यांचा कळप मिळाला नसता.

१९९१ मध्ये लावणी सुरू झाली, १९९२ मध्ये पहिली शिंगरे पडली. त्यांतून १९९५ मध्ये जेन्युइनने सात्सुकी शो, तायासु त्सुयोशीने जपान डर्बी आणि डान्स पार्टनरने ओक्स या मोठ्या शर्यती घेतल्या. फुजी किसेकी तर पायाला इजा होईपर्यंत हरलाच नाही. त्याच वर्षी बाप अव्वल नर ठरला आणि २००७ पर्यंत सलग १३ वर्षे तिथेच राहिला. त्यातली शेवटची पाच वर्षे तो जिवंतही नव्हता.

शेवटच्या काळात त्याच्याकडे वर्षाला २०० वर घोड्या येत. चाळीस शेअरच्या काळातल्या माणसाला हे अशक्य वाटेल. फरक पडला तो सोनोग्राफीमुळे. घोडी माजावर ५ ते ७ दिवस असते, पण बीज सुटते ते माज संपण्याच्या आधीच्या एक-दोन दिवसांत. पूर्वी माज दिसला की एक दिवसाआड लावत राहायचे, एका माजात तीन-चार वेळा. आता पशुवैद्य अंडाशय पाहतो, बीजाचा फोड ३५ मिलिमीटरच्या पुढे गेला आणि मऊ झाला की इंजेक्शन देतो. ३६ ते ४८ तासांत बीज सुटते आणि त्याआधी एकच लावणी पुरते. आकडेमोड करून पाहा. हंगाम सुमारे १५० दिवसांचा. २०० घोड्या आणि दर घोडीमागे सरासरी दीड लावणी म्हणजे ३०० लावण्या, दिवसाला दोन. जुन्या पद्धतीने दर घोडीमागे तीन धरल्या तर दिवसाला चार, आणि तेवढे नराला झेपत नाही. लावणीनंतर १४ ते १६ व्या दिवशी पुन्हा सोनोग्राफी. जुळे दिसले तर त्यातला एक गर्भ तिथेच दाबून काढतात, कारण घोडीच्या पोटात जुळे सहसा टिकत नाही आणि दोन्ही जातात. हिवाळ्यात घोड्या माजावर यायला उशीर करतात, म्हणून गोठ्यात रोज १६ तास उजेड ठेवतात. उत्तर गोलार्धात थरोब्रेडचे वय १ जानेवारीपासून मोजतात, तेव्हा मे मध्ये पडलेले शिंगरू जानेवारीतल्यापेक्षा कायमच चार महिने मागे धावते.

मे २००२ मध्ये त्याच्या उजव्या पुढच्या पायात संसर्ग झाला. घोड्याचे जवळजवळ ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असते. एक पाय टेकवता आला नाही की दुसऱ्यावर सतत भार पडतो. खुराच्या आत हाड आणि नखाची भिंत यांना जोडणाऱ्या पातळ पापुद्र्यांतले रक्त पाय उचलला-टेकला तरच नीट फिरते, सलग दाबाखाली ते सुजतात, सुटतात आणि हाड खाली सरकू लागते. डाव्या पायाला तेच झाले. १९ ऑगस्ट २००२ रोजी तो गेला, वय १६. आपल्याकडे हा रोग ज्वारी-हरभऱ्याच्या पोत्यात तोंड घातलेल्या घोड्यात दिसतो. तिथे कारण पोटातून येते, पण खुराच्या आत घडते तेच. प्रतिस्पर्धी इझी गोअर १९९४ मध्येच, आठव्या वर्षी मेला होता, त्यामुळे नर म्हणून दोघांची तुलना कधी नीट झालीच नाही.

मुलग्यांनी पुढे जे केले ते बापाच्याही पलीकडचे. स्टे गोल्डने २००१ मध्ये हाँगकाँगला, हार्ट्स क्रायने २००६ मध्ये दुबईला शर्यत जिंकली. २००५ ची तिहेरी माळ, म्हणजे तीन वर्षांच्या घोड्यांच्या तीन मोठ्या शर्यती, जिंकणारा डीप इम्पॅक्ट २०१२ ते २०२२ सलग ११ वर्षे अव्वल नर होता, त्यातली शेवटची तीन मृत्यूनंतरची. त्याच्या मुलांनी इंग्लंडमध्ये २०१८ ची टू थाउजंड गिनीज, २०२१ ची ओक्स आणि २०२३ ची डर्बी घेतली, म्हणजे जी विलायत पूर्वी घोडे विकायची तीच आता जपानी रक्त विकत घेत होती.

यश इतके झाले की जपानमध्ये जवळजवळ प्रत्येक घोडीच्या अंगात संडे सायलेन्स आला. दीड हजारांहून अधिक शिंगरे, त्यांतले डझनावारी नर. २०१० आणि २०११ मध्ये किंग कामेहामेहा अव्वल आला त्यामागे हेही होते: त्याच्यात संडे सायलेन्स नव्हता, म्हणून संडे सायलेन्सच्या मुलींवर आणि नातींवर किंग कामेहामेहाला लावता येत होते. नंतरच्या पिढीत संडे सायलेन्स दोन्ही बाजूंनी यायला लागला. २०२० ची माद्यांची तिहेरी माळ जिंकणारी डेरिंग टॅक्ट आणि २०२१ मध्ये गाजलेला एफोरिया या दोघांत तो एका बाजूने तिसऱ्या आणि दुसऱ्या बाजूने चौथ्या पिढीत आहे. त्याला जपानी लोक १८.७५ टक्के म्हणतात, म्हणजे साडेबारा अधिक सव्वासहा. इथे गल्लत होते. १८.७५ हा त्या पूर्वजाच्या रक्ताचा वाटा आहे, जवळच्या नात्यातल्या संकराचे प्रमाण नव्हे. ते प्रमाण फक्त १.५६ टक्के येते. सावत्र भाऊ-बहीण लावले तर हेच प्रमाण १२.५, आणि बापाला मुलगी लावली तर २५.

माळेगावच्या बाजारात मारवाडी-काठियावाडी घोडी घेताना हा आकडा कोणी काढत नाही, पण काढायला हवा. एखादा गाजलेला नर एका तालुक्यात पाच-सहा वर्षे लावला गेला की पुढच्या पिढीत सावत्र भाऊ-बहीण समोरासमोर येतात, आणि कागद नसल्यामुळे कळत नाही. घोडी गाभण राहत नाही, शिंगरू लहान पडते, पाय कच्चे निघतात, आणि दोष चाऱ्याला किंवा हवेला दिला जातो. लावणीच्या दिवशीच नराचे नाव, त्याच्या बापाचे नाव, घोडीच्या बापाचे नाव, तारीख आणि दोघांच्या भोवऱ्यांचे व पांढऱ्या खुणांचे चित्र एका वहीत काढून नराच्या मालकाची सही घेता येते. तारखेपासून साधारण अकरा महिने मोजून शिंगरू पडण्याची वेळ ठरते, आणि मान-आयाळीचे मुळासकट उपटलेले केस कोरड्या पाकिटात ठेवले तर बाप कोण, हे पुढे डीएनए चाचणीने पडताळता येते.