दिव्याचे तोंड कुणीकडे?

नाशिकच्या गंगापूर रोडवरील एखाद्या सोसायटीच्या फाटकावर रस्त्याकडे तोंड करून मोठा फ्लडलाइट बसवला की आवार सुरक्षित झाले, असे रहिवाशांना वाटते. प्रत्यक्षात त्या झगमगाटाने बघणाऱ्याच्या डोळ्याची बाहुली आकसते आणि दिव्याशेजारच्या अंधारात उभा असलेला माणूस दिसेनासा होतो. वयोमानाने डोळ्यातील भिंग धूसर झालेल्या ज्येष्ठांना तर हा त्रास अधिकच जाणवतो. सीसीटीव्हीची गतही वेगळी नसते.

म्हणून वॅटच्या आधी दिशेचा विचार करावा. आडव्या पातळीच्या वर प्रकाश जाऊ न देणारा, वरून व बाजूंनी झाकलेला दिवा पायऱ्या आणि पार्किंग नीट उजळतो, आणि कमी वॅटमध्ये. पौर्णिमेच्या चंद्राचा प्रकाश जमिनीवर पाव लक्सच्या (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचे माप) आसपास असतो, तरी त्यात पायवाट ओळखू येते. आवारातील वाटेला पाच ते दहा लक्स, पण सर्वत्र सारखे पसरलेले, पुरेसे होतात.

दुसरी बाब रंगाची. हवेतील रेणू आखूड तरंगलांबीचा प्रकाश जास्त विखुरतात. ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ६०० नॅनोमीटरच्या नारिंगीपेक्षा सुमारे तिपटीने विखुरतो. केल्व्हिन हे दिव्याच्या रंगछटेचे माप; आकडा जितका मोठा, तितका प्रकाशात निळा अंश जास्त. त्यामुळे ६५०० केल्व्हिनचा पांढराशुभ्र एलईडी शहरावरचे आकाश अधिक फिकट करतो आणि कीटकांनाही जास्त खेचतो. बाहेरच्या वापरासाठी २७०० केल्व्हिनचा, म्हणजे खोक्यावर ‘वॉर्म व्हाइट’ लिहिलेला दिवा घ्यावा. निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वरला हिवाळ्यात उतरणाऱ्या स्थलांतरित पक्ष्यांपैकी अनेक जाती रात्री उडतात आणि तीव्र प्रकाशाने अशा पक्ष्यांची दिशा चुकू शकते, हेही ध्यानात घ्यायला हवे.

खरी कसोटी जुन्या वास्तूंची. काळाराम मंदिरासारख्या काळ्या पाषाणाच्या इमारतीवर जमिनीवरून प्रखर झोत टाकला, तर दगड बहुतेक प्रकाश शोषून घेतो आणि शिखराच्या कडेने निसटलेला भाग थेट आकाशात जातो. दगड उजळत नाही म्हणून झोत वाढवणे हा उलटा उपाय होय (दुर्दैवाने तोच सर्वांत आधी सुचतो). त्याऐवजी छज्जाखाली लपवलेले लहान दिवे भिंतीलगत खाली सोडले, तर तिरप्या प्रकाशात कोरीवकामाच्या सावल्या पडतात आणि नक्षी उठून दिसते. दर्शन संपल्यावर टायमरने ते बंद करावेत. रखवालदारासाठी फाटकापाशी हालचाल टिपणारा सेन्सर लावलेला एक दिवा पुरतो.