फ्लामेंको गिटार : कर्तृत्वनिश्चिती

फ्लामेंको या स्पॅनिश गायन-नृत्यप्रकारात वाजविली जाणारी, हाताने घडविलेली एखादी गिटार प्रत्यक्षात कोणत्या कारागिराच्या हातून तयार झाली, हे लेबल, अंतर्गत रचना, लाकूड, पॉलिश आणि मालकीचा इतिहास यांच्या आधारे ठरविण्याच्या अभ्यासाचा विचार या नोंदीत केला आहे. हा प्रश्न मुख्यतः स्पेनमधील, त्यातही माद्रिदमधील, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनच्या वाद्यांबाबत उपस्थित होतो. तेथील कार्यशाळांत लेबल मालकाचे आणि काम पगारी कारागिरांचे, अशी रीत होती. बनावट लेबलांची प्रकरणे बाजारात अधिक गाजतात. अभ्यासकाची खरी अडचण मात्र अस्सल लेबलांची असते, कारण लेबल अस्सल असूनही त्यावर नाव असलेल्या व्यक्तीने वाद्याला हात लावलेला नसणे शक्य असते.

सायप्रस या लाकडाची पाठ व बाजू, स्प्रूस या लाकडाची पातळ तबली (वरची पाटी) आणि तारांची कमी उंची ही फ्लामेंको गिटारची रूढ लक्षणे होत. हा प्रकार नेमका केव्हा वेगळा झाला, याविषयी एकमत नाही. आल्मेरिया व सेव्हिल येथे काम केलेल्या आंतोन्यो दे तोर्रेस (१८१७–९२) याच्या सायप्रसच्या गिटारी उपलब्ध असल्याने काही लेखक त्यालाच या प्रकाराचा जनक मानतात. तोर्रेसचा चरित्रकार व स्वतः गिटारनिर्माता असलेल्या होसे लुइस रोमानियोस याच्यासारखे अभ्यासक याबाबत सावध आहेत. स्पेनमध्ये सहज मिळणारे सायप्रस हे महागड्या रोझवुडपेक्षा स्वस्त होते, आणि अभिजात व फ्लामेंको ही आजची विभागणी तोर्रेसच्या काळात पक्की झालेली नव्हती. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. कर्तृत्वनिश्चितीशी त्याचा थेट संबंध असा, की केवळ सायप्रसच्या आधारे जुन्या वाद्याला ‘फ्लामेंको’ ठरवून त्या प्रकारात नावाजलेल्या कारागिराशी त्याचा संबंध जोडणे धोक्याचे ठरते.

वादाचे केंद्र म्हणजे मानुएल रामीरेस (१८६४–१९१६) याची माद्रिदमधील कार्यशाळा. तेथे सांतोस एर्नांदेस (१८७४–१९४३), दोमिंगो एस्तेसो (१८८२–१९३७) आणि मोदेस्तो बोर्रेगेरो हे तिघे काम करीत आणि पुढे तिघांनीही स्वतंत्रपणे नाव कमावले. १९१२ मध्ये रामीरेसने तरुण गिटारवादक आंद्रेस सेगोव्हियाला दिलेली गिटार याच कार्यशाळेतील असून ती आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. तिचे लेबल रामीरेसचे आहे. ती सांतोसने घडविली असे मात्र सर्वसाधारणपणे मानले जाते. ती मूळची आंतोन्यो हिमेनेस मान्होन या अंध वादकासाठी अधिक तारांची म्हणून बनविली गेली, अशीही एक कथा सांगितली जाते; पण तिला आख्यायिकेपलीकडे महत्त्व देऊ नये. ही गिटार अभिजात संगीताची असली, तरी तिच्यावरून झालेली चर्चा त्या कार्यशाळेतील फ्लामेंको वाद्यांनाही तितकीच लागू पडते. ज्या कार्यशाळेत मान एकाने, तबलीच्या पट्ट्या दुसऱ्याने आणि पॉलिश तिसऱ्याने करणे शक्य होते, तेथे एकच नाव शोधणे हे पुष्कळदा पुराव्याच्या पलीकडे जाते. ‘मानुएल रामीरेस कार्यशाळा, बहुधा सांतोस एर्नांदेस’ अशी मोघम नोंद लिलावगृहांना गैरसोयीची वाटली, तरी तीच अधिक योग्य होय.

मालकाच्या निधनानंतर विधवेच्या नावाने चालू राहिलेल्या कार्यशाळा हा याच प्रश्नाचा पुढचा भाग आहे. रामीरेसच्या विधवेच्या लेबलाखालील काही वाद्यांवर कारागिराची आद्याक्षरे आढळतात आणि तेथे निश्चिती तुलनेने सोपी होते. एस्तेसो १९३७ मध्ये वारल्यावर त्याचे भाचे फाउस्तिनो, मारियानो व खूलियो कोंदे हे काम पाहू लागले. लेबलावर आधी विधवा, मग विधवा व भाचे आणि अखेरीस कोंदे बंधू असे नाव बदलत गेले. सांतोसच्या विधवेसाठी मार्सेलो बार्बेरो (१९०४–५६) याने काम केले. त्यामुळे त्या काळातील वाद्यांत सांतोसने अर्धवट ठेवलेले भाग आणि बार्बेरोचे काम वेगळे करणे कठीण जाते. पुढे बार्बेरोचा शिष्य आर्कांखेल फेर्नांदेस याच्याकडे बार्बेरोच्या मुलाने वाद्ये घडविली, तेव्हा लेबलावर त्या मुलाचेही नाव दिले गेले. असा स्पष्टपणा विरळाच.

मानुएल रामीरेसच्या भावाचा नातू असलेल्या तिसऱ्या होसे रामीरेसच्या (१९२२–९५) मोठ्या कार्यशाळेत मानेच्या आतील टोकावर कारागिराचा शिक्का मारण्याची पद्धत होती. सुरुवातीस आद्याक्षरे आणि नंतर क्रमांक असे तिचे स्वरूप दिसते. पाउलिनो बेर्नाबे याची ‘पी. बी.’ ही अक्षरे त्यांपैकी सर्वांत परिचित होत. आरसा आणि लहान दिवा ध्वनिरंध्रातून आत नेल्यास हा शिक्का वाचता येतो.

शिक्का नसल्यास आतील कामावर भर द्यावा लागतो. डोक्याची नक्षी आणि ध्वनिरंध्राभोवतीचे जडावकाम यांचे अनुकरण सहज होते, शिवाय जडावाच्या कड्या तयारही मिळत. याउलट, तबलीखालील पंख्यासारख्या पट्ट्यांची टोके कशी निमुळती केली आहेत, तबली व बाजू जोडणारे छोटे ठोकळे एकेक करून कसे बसविले आहेत, सरस कोठे ओघळला आहे आणि रंध्यांचे वा पटाशीचे ओरखडे कसे आहेत, यांत हाताची सवय उतरते. मात्र एकाच उस्तादाकडे शिकलेल्यांचे साचे, आकृतिबंध आणि सवयीही समान असतात. म्हणून निःसंदिग्ध वाद्यांशी तुलना केल्याशिवाय या खुणांना अर्थ नाही.

वृक्षवलयमापनाने, म्हणजे लाकडातील वार्षिक वलयांच्या मोजणीने, स्प्रूसच्या तबलीतील शेवटच्या वलयाचे वर्ष काढता येते. त्याआधी ते वाद्य बनलेले असू शकत नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते. लाकूड किती वर्षे वाळवले आणि कडेची किती वलये रंधून गेली, हे कळत नाही. दोन तबल्या एकाच झाडाच्या निघाल्यास वाद्ये एकाच कार्यशाळेतील असण्याची शक्यता वाढते, पण तेथील लाकूड सर्वच कारागीर वापरीत असल्याने हात कोणता, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. नकारार्थी निष्कर्षासाठी ही पद्धत उत्तम आहे : लेबलावरील तारखेनंतरचे वलय आढळले, की लेबल आणि तबली यांपैकी एक नंतरचे ठरते.

पॉलिशची परीक्षा अतिनील प्रकाशात होते. चपडीलाखेचा थर नारिंगी छटेने उजळतो, आधुनिक लॅकर तसे उजळत नाही. फ्लामेंको गिटारींवर ठेका धरण्याची संरक्षक पट्टी अनेकदा बदलली जाते आणि लाकडी खुंट्यांच्या जागी यंत्रखुंट्या बसविल्या जातात. त्यामुळे मूळ पॉलिश अखंड असलेली जुनी वाद्ये थोडीच. तबलीच बदललेली असेल, तर जाणकार विक्रेते शरीर एकाचे व तबली दुसऱ्याची अशी नोंद करतात.

माद्रिदबाहेर चित्र विरळ होत जाते. कोर्दोबाच्या मिगेल रोद्रिगेसच्या नावाखाली त्याच्या मुलांनीही वाद्ये घडविली. ग्रानादात एदुआर्दो फेर्रेरच्या कार्यशाळेतून अनेक शिष्य बाहेर पडले. व्हालेन्सियातील कारखान्यांची वाद्ये तर दुकानदारांच्या लेबलांनीच विकली जात, आणि तेथे एका कारागिराचे नाव शोधण्यात फारसा अर्थ नसतो.