मग काय केलंस?

कॉलेज रोडवरच्या अभ्यासिकेखाली चहाची टपरी आहे. तिथे भाच्याने मोबाइल पुढे केला. "मामा, टाकू का हे?"

दोन मिनिटांचा व्हिडिओ. दुसऱ्यांदाही प्रिलिम निघाली नाही, झोप उडाली, जेवण जाईना, सगळं संपल्यासारखं वाटलं. व्हिडिओ तिथेच थांबला.

"मग काय केलंस?"

"रात्री आईला फोन केला. पिंपळगावहून पहाटेच्या पहिल्या एसटीने आली. मग डॉक्टरांना दाखवलं."

"हे यात कुठंय?"

"ते बोअर आहे, मामा."

या 'बोअर' भागाचंच मोल मोठं. 2010 मध्ये थॉमस निडरक्रोटेन्थालर आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रियातल्या वृत्तपत्रांतल्या आत्महत्यांविषयीच्या बातम्या तपासल्या. त्याच त्या बातम्या पुन्हा पुन्हा छापल्या गेल्यावर आत्महत्यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. तसे विचार मनात येऊनही सावरलेल्या माणसांविषयी छापून आलं, तेव्हा घटलेलं. याला 'पापागेनो परिणाम' म्हणतात. पापागेनो हा मोझार्टच्या 1791 सालच्या ऑपेरातला पारधी. जीव द्यायला निघालेल्या त्याला तीन मुलं दुसरी वाट दाखवतात. अर्थात, दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एकीमुळेच दुसरी घडली, असं होत नाही.

सांगणाऱ्याचं काय? अमेरिकेत जेम्स पेनेबेकर यांनी 1986 च्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज 15 मिनिटं, मनातला सल लिहायला लावला. लिहून होताच मुलं उलट खिन्न झाली. पण घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या काही महिन्यांत कमी भरल्या. नंतरच्या अभ्यासांत दिसलं, की दिवसागणिक ज्यांच्या लिखाणात 'कारण', 'लक्षात आलं' असे शब्द वाढत गेले, त्यांना जास्त फायदा झाला. एकूण परिणाम तसा लहानच. शिवाय ती मुलं लिहीत होती बंद खोलीत, निनावी. खाली लाइक मोजणारं कुणी नव्हतं, टोमणा मारणारंही नव्हतं. म्हणून भाच्याला म्हटलं, आधी वहीत लिही. पोस्टचं नंतर बघू.

आठवड्याने नवा व्हिडिओ आला. एसटी होती, डॉक्टर होते, गोळ्या सुरू असल्याचंही त्याने न लाजता सांगितलं होतं. शेवटी टेली-मानसचा 14416 हा नंबर. 2022 पासून सुरू असलेली ही सरकारी हेल्पलाइन चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलते.

"आईला विचारलंस का?"

"हो. म्हणाली, नाशिकपर्यंत उभ्याने आले, तेही सांग."